सुट्टे

गुरुवारी इन्शिराहबाईंकडे जायचं.
शुब्रात, पाचव्या मजल्यावर.
लिफ्ट आहे, पण ती मनात आलं तर चालते.

चाळीस वर्षं त्यांनी कैरोतल्या नर्तकींच्या पट्ट्यांना मणी शिवले,
रात्र रात्र, टेबललॅम्पखाली, तोंडात दोरा धरून.
स्वतः कधी स्टेजची पायरी चढल्या नाहीत.
शिकवतात त्याही खुर्चीत बसूनच,
हाताच्या काठीनं फरशीवर ठेका धरत.

आम्ही चौघी.
वफिय्या भूगोल शिकवते, दिमियाना दातांच्या दवाखान्यात नोंदी ठेवते,
रावयाचा नवरा गेल्या वर्षी गेला, ती फारसं बोलत नाही.
मी वीजबिलाच्या खिडकीमागे.
दिवसभर लोक काचेतून माझ्यावर ओरडतात,
मी शिक्का मारते.

दोन सिझर झाली, मग पाठ धरली.
डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा.
नणंद म्हणाली, पोट सुटलंय तुझं.
पहिल्या दिवशी नाण्यांची ओढणी कमरेला बांधली
आणि हात आपसूक पोटावर गेला, झाकायला.
'काढ तो हात,' बाई म्हणाल्या, 'चोरीचा माल आहे का?'
मी म्हटलं, मला नाचता येत नाही.
'दोन्ही हातांत पातेलं असलं
की फ्रिजचं दार कशानं लावतेस?'
मी कमरेनं लावून दाखवलं.
नाणी वाजली.
'हे घे. येतंय की.'

मग आठवत गेलं, काय काय येत होतं या कमरेला.
रडणारं पोर तोलणं, सिलिंडर ढकलणं,
बसमध्ये मागून चिकटणाऱ्याला
न बघता, न बोलता, एका धक्क्यात दूर करणं.
'आता हेच कर,' बाई म्हणाल्या, 'फक्त कुणासाठी करू नकोस.'
गुडघे मैदा चाळल्यासारखे,
आणि वर डोक्यावर चहाचा ट्रे आहे असं समजायचं,
थेंबभर सांडायचं नाही.

तेराव्या वर्षी आईनं सांगितलं होतं, पोट आत घेऊन चाल.
तेव्हापासून आतच होतं.
श्वास कुठे ठेवायचा ते ती सांगायची विसरली,
मग मी तो वरच्या वर, गळ्याशीच वापरला, सत्तावीस वर्षं.
इथे पहिल्यांदा खाली सोडला तेव्हा
रडू आलं, आणि मला वाटलं, भूक लागलीय.

त्या गुरुवारी ऐन ठेक्यात वीज गेली.
ढोलक टेपमध्येच बुडालं.
'तुझंच खातं,' अंधारातून वफिय्या म्हणाली.
पोट धरून हसलो,
पण थांबलं कुणीच नाही.
काळोखात चार ओढण्या वाजत राहिल्या.
वफिय्याची घाईची, दिमियानाची मोजून मापून,
माझी जरा उशिरा येणारी,
आणि रावयाची, जी इतके महिने जेमतेम किणकिणायची,
ती आता पावसासारखी.
कैरोत पाऊस किती पडतो! पण तशीच.

आणि मग पाचवा आवाज.
नाण्यांचा नाही, बारीक, दाट, काचेचा,
शेकडो मणी एकमेकांवर घासल्यासारखा.
काठीचा ठेका कधीच थांबला होता.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.
जागा मात्र करून दिली, अंदाजानं,
चार पावलं मागे सरून.

दिवे आले तेव्हा बाई खुर्चीत होत्या,
काठी हातात, शाल गळ्यापर्यंत,
श्वास मात्र पार सुटलेला.
एक सपाता पायात,
दुसरी पलीकडे, खिडकीखाली.
'बघताय काय,' म्हणाल्या, 'पुन्हा पहिल्यापासून.'

पाच मजले पायीच उतरले.
पाठ दुखली असेल, लक्षात नाही.
खाली दारवान बाकावर पाय पसरून बसलेला.
'पिशवीत काय वाजतंय, मॅडम?'
'सुट्टे,' मी म्हटलं,
आणि पोट आत न घेता
त्याच्या पायांना वळसा घालून रस्त्यावर आले.